बार्बियानाच्या मुलांचे अर्धेच ऐकले

डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांत दुरुस्ती करून पाचवी आणि आठवीच्या मुलांना नापास करून त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद केली. महाराष्ट्र शासनाने हे पाऊल त्याआधीच, २०२३ साली उचलले होते. २००९ च्या मूळ कायद्याचे सोळावे कलम असे होते की, प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला मागे ठेवता येणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीने त्या कलमाला खिंडार पाडले आणि पुढील पाच वर्षांत अनेक राज्यांनी त्या खिंडारातून आपापली वाट काढली. सुशिक्षित मध्यमवर्गात या माघारीचे स्वागतच झाले. ‘ढकलपास’ हा शब्द एव्हाना शिवीसारखा वापरला जातो. परीक्षेचा धाक नसला की मुले शिकत नाहीत, हे जणू निसर्गनियम असल्यासारखे बोलले जाते. या चर्चेत मंत्री बोलले, अधिकारी बोलले, मुख्याध्यापक बोलले, पालकही बोलले. बाकावर बसणाऱ्याला मात्र कोणी काही विचारले नाही.

बाकावर बसणाऱ्याने या विषयावर एकदा सविस्तर, आकडेवारीनिशी आणि कोणाचीही भीड न ठेवता जबाब दिलेला आहे. तो इटलीत दिला गेला, १९६७ साली. त्या जबाबाचे पुढे काय झाले हे पाहिले, म्हणजे आपल्याकडील २००९ ते २०२४ ही पंधरा वर्षे अधिक नीट उलगडतात.

फ्लॉरेन्स शहराच्या उत्तरेस मुजेल्लो नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तेथे बार्बियाना ही वस्ती. गाव म्हणावे असे तेथे काही नव्हते. एक चर्च, एक लहानशी दफनभूमी आणि रानात विखुरलेली कुळांची घरे. रस्ता नव्हता, वीज नव्हती, नळाचे पाणी नव्हते. १९५४ च्या डिसेंबरात लोरेन्झो मिलानी या तरुण धर्मगुरूची तेथे बदली झाली. मिलानी फ्लॉरेन्समधील एका धनिक, विद्याव्यासंगी घराण्यातले. आधीच्या गावी त्यांनी गिरणीकामगारांसाठी रात्रीची शाळा चालवली होती आणि त्या शाळेत कोणत्याही पक्षाच्या वा श्रद्धेच्या माणसाला मज्जाव नव्हता. वरिष्ठांना ते रुचले नाही. म्हणून हा उपद्रवी माणूस डोंगरात पाठवला गेला. आपल्याकडे नको असलेल्या शिक्षकाची बदली दुर्गम भागात होते, तसाच हा प्रकार.

तेथे मिलानींनी जी शाळा उभी केली तिच्यात गुण नव्हते, प्रगतिपुस्तक नव्हते, पहिला-दुसरा नंबर नव्हता आणि नापास होण्याचा प्रश्नच नव्हता. एवढेच ऐकून ज्यांना ती मौजमजेची, मुक्त बागडण्याची शाळा वाटेल, त्यांनी पुढचेही ऐकावे. त्या शाळेत सुट्टीही नव्हती. रविवार नव्हता, उन्हाळी सुट्टी नव्हती, मधली सुट्टी नव्हती, खेळाचा तास नव्हता. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस शाळा चाले. मुलांची त्याबद्दल तक्रार नव्हती, कारण शाळा नसेल तेव्हा वाट्याला येई ते गोठ्यातले शेण. हातातले पुस्तक आणि हातातले फावडे यांतील निवड ज्यांना रोज करावी लागते, त्यांना सुट्टीचे कौतुक नसते; ते कौतुक शहरातल्या मुलांचे. एका पुस्तकाची एकच प्रत असे, तिच्याभोवती सारी मुले गोळा होत आणि जरा मोठा असलेला मुलगा वाचून समजावून सांगे. वर्तमानपत्र रोज मोठ्याने वाचले जाई. बारा-तेरा वर्षांची मुले आपल्याहून लहानांना शिकवीत. ज्याला सर्वांत कमी येते त्याच्याकडे सर्वांत अधिक लक्ष, हा त्या वर्गाचा शिरस्ता होता. तो समजेपर्यंत बाकीचे पुढे जात नसत. ‘मला त्याची पर्वा आहे’ अशा अर्थाचे दोन इंग्रजी शब्द भिंतीवर लिहिलेले होते. मुसोलिनीच्या फॅसिस्टांची घोषणा नेमकी याच्या उलट, ‘मला पर्वा नाही’ या अर्थाची होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दोन शब्दांचे वजन कळते.

या शाळेतील मुलांना कधीतरी बाहेर पडून सरकारी परीक्षेला बसावेच लागे. गुणांशिवाय शिकलेला मुलगा गुणांच्या दरबारात उभा राहिला की काय होते, ते तेव्हा दिसले. शारीरिक शिक्षणाच्या परीक्षेत त्यांच्यापुढे बास्केटबॉल टाकण्यात आला. डोंगरातल्या पोरांनी तो चेंडू कधी हाताळलेला नव्हता आणि परीक्षकाने तुच्छतेने त्यांच्याकडे पाहिले. यांतला प्रत्येक मुलगा ओकच्या उंच झाडावर चढून, दोन्ही हात सोडून, कुऱ्हाडीने जडशीळ फांदी तोडू शकत होता. परंतु त्याला गुण नव्हते. फ्रेंचची परीक्षा तर अधिक बोलकी होती. बार्बियानाची मुले फ्रान्समध्ये मजुरी करून भाषा शिकलेली, रस्त्यावरच्या माणसाशी बोलू शकणारी. परीक्षेत आली ती व्याकरणातील अपवादांची भरताड: घुबड, गोटे, पंखा असले शब्द. ज्या मुलाला हे अपवाद पाठ होते त्याला उत्तम गुण मिळाले. पॅरिसला उतरल्यावर शौचालय कोठे आहे हे मात्र त्याला विचारता आले नसते. वर्गात मुले भाषा शिकत नव्हती, भाषेचे गुण शिकत होती, हा या मुलांचा सरळ निष्कर्ष होता आणि इतिहास, विज्ञान, वाङ्मय या साऱ्यांना त्यांनी तोच लावला.

पुढे त्यांतील दोघे फ्लॉरेन्सच्या अध्यापक विद्यालयात गेले. हे माध्यमिक स्तरावरील विद्यालय. येथून प्राथमिक शिक्षक तयार होत. ज्या मुलांनी स्वतः लहान असतानाच वर्ग शिकवला होता, त्यांना शिक्षक होण्यास नालायक ठरवून नापास करण्यात आले. या प्रसंगातून त्या शाळेच्या आठ मुलांनी मिलानींच्या देखरेखीखाली आपल्याला नापास करणाऱ्या बाईंना एक दीर्घ पत्र लिहिले. ते १९६७ च्या मे महिन्यात ‘एका शिक्षिकेस पत्र’ या नावाने पुस्तकरूपाने निघाले. लेखक म्हणून कोणा व्यक्तीचे नाव नव्हते. ‘बार्बियानाची शाळा’ एवढेच. त्यानंतर महिना-दीड महिन्यात, २६ जून १९६७ रोजी, मिलानी कर्करोगाने वारले. त्यांचे वय अवघे चव्वेचाळीस होते.

हे पत्र ज्या रीतीने लिहिले गेले, ती रीत म्हणजेच गुणांविना शिक्षण कसे असते याचा नमुना आहे. प्रत्येक मुलाजवळ वही असे. सुचेल ते तो टिपून ठेवी. मग एकेक मुद्दा एकेका चिठ्ठीवर उतरवायचा, सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर पसरायच्या, सारख्या सारख्यांचे ढीग करायचे, ढिगांना मथळे द्यायचे, क्रम ठरवायचा. मग मसुदा वाचायचा आणि अनावश्यक शब्द काढत बसायचे. शेवटी बाहेरच्या, फारसे न शिकलेल्या माणसांना बोलावून वाचून दाखवायचे. त्यांना जे कळले नाही ते मुलांचे चुकले असे धरायचे. कित्येक महिने हे चालले होते. कोणाला किती गुण, हा प्रश्न या कामात कोठे घालावा हेच कळणार नाही. आपल्याकडील निबंधलेखनात मुलगा मार्गदर्शकातील ‘मी पंतप्रधान झालो तर’ पाठ करून उतरवतो आणि दहापैकी सात मिळवतो. त्याच्या शेजारी ही रीत ठेवून पाहावी.

पत्राची दुसरी बाजू आकड्यांची आहे. मुलांनी राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेचे तक्ते घेतले, शिक्षकांकडून वर्गांच्या याद्या मिळवल्या आणि शाळेतून गळणारी मुले कोण, हे वडिलांच्या व्यवसायासह मोजले. दोन नावे त्यांनी योजली. डॉक्टरचा मुलगा पिएरिनो, जो शाळेत येण्याआधीच लिहावाचायला शिकलेला असतो. आणि शेतकऱ्याचा जान्नी, जो नापास होत होत शेवटी रानात किंवा कारखान्यात कामाला लागतो. शाळा नापास करते ती मुलांना, असे म्हणण्याची पद्धत आहे. तक्त्यांत दिसले ते असे की शाळा बापाच्या धंद्याला नापास करते. मुलांनी केलेल्या या सांख्यिकी कामाला इटलीच्या भौतिकशास्त्र परिषदेने पारितोषिक दिले. ज्या मुलांना गणितासह सारे विषय पुन्हा शिकायला सांगितले होते, त्यांचे हे काम.

या पत्रात तीन मागण्या आहेत आणि त्या सुट्या सुट्या केलेल्या नाहीत, हे येथे विशेष महत्त्वाचे आहे. नापास करू नका. ज्यांना येत नाही असे वाटते त्यांच्यासाठी शाळा दिवसभर चालवा. आणि ज्यांना शिकण्यात रस नाही त्यांना शिकण्याचे काही प्रयोजन द्या. पहिल्या मागणीला पैसे लागत नाहीत. एक परिपत्रक पुरते. दुसरीला शिक्षक लागतात, तास लागतात, दुपारचे जेवण लागते, इमारत लागते, म्हणजेच अंदाजपत्रक लागते. तिसरीला समाजाकडे सांगण्यासारखे काही असावे लागते. सरकारे पहिली मागणी का उचलतात आणि दुसरी का विसरतात, हे समजण्यास अर्थशास्त्राची पदवी नको.

इटलीत तसेच घडले. १९७१ च्या कायद्याने प्राथमिक शाळेत पूर्णवेळ वर्गांची सोय सुरू झाली. परंतु ती मिलानसारख्या उत्तरेकडील औद्योगिक शहरांत फोफावली आणि जेथे जान्नी खरोखर राहतो त्या दक्षिणेत, सिसिलीत, तुरळकच राहिली. १९७७ च्या कायद्याने प्राथमिक आणि कनिष्ठ माध्यमिक शाळांतून अंकांतले गुण काढून टाकले व त्यांच्या जागी लेखी अभिप्राय आणले. वरच्या माध्यमिक शाळेला, म्हणजे ज्या दारात त्या दोन मुलांना अडवले होते त्या दाराला, हात लावलाच नाही. २००८ साली अंक परत आले. २०२० मध्ये प्राथमिक वर्गांतून ते पुन्हा गेले आणि २०२४ च्या कायद्याने तेथे ‘उत्तम’, ‘चांगले’ असे ठोकळ शेरे आणले. सरकार बदलले की मोजपट्टी बदलते. शाळेचे तास, शिक्षकांची संख्या आणि दक्षिणेचे दारिद्र्य जागच्या जागी राहते. मग टीकाकारही पुढे येतात. २०२१ साली लेखिका पाओला मास्त्रोकोला आणि समाजशास्त्रज्ञ लुका रिकोल्फी यांनी एक पुस्तक लिहून असे मांडले की, पुरोगाम्यांनी शाळा सोपी केली आणि त्यामुळे विषमता वाढली. श्रीमंतांची मुले घरी भरून काढतात, गरिबांच्या मुलांपाशी शाळेखेरीज काही नसते.

या टीकेतील दुसरा भाग खरा आहे आणि तो डाव्या विचाराच्या माणसाने झटकून टाकू नये. गरिबाच्या मुलापाशी शाळेखेरीज काही नसते, हीच तर बार्बियानाच्या मुलांची तक्रार होती! परंतु शाळा सोपी करा असे त्यांनी कोठेही म्हटले नव्हते. त्यांची स्वतःची शाळा त्या बाईंच्या शाळेहून कितीतरी कठीण होती. टीकाकारांनी एका हाताने मिळालेल्या आणि दुसऱ्या हाताने नाकारलेल्या सुधारणेचे खापर मागणी करणाऱ्यांवर फोडले, इतकेच.

गुणांविना शिक्षण यशस्वी होते ते कोणत्या परिस्थितीत, याचे एक जुने उदाहरण अमेरिकेतही आहे आणि तेथेही विद्यार्थ्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. मंदीच्या काळात, १९३० पासून, तेथील पुरोगामी शिक्षणवाद्यांनी तीस माध्यमिक शाळांचा एक प्रयोग केला. तो आठ वर्षांचा अभ्यास म्हणून ओळखला जातो. ओहायो राज्य विद्यापीठाच्या शाळेत या काळात गुण दिले जात नसत. शिक्षक मुलाच्या कामाविषयी लेखी निवेदन देत. त्या शाळेतून १९३८ साली बाहेर पडलेल्या पंचावन्न मुलामुलींनी मिळून आपल्या सहा वर्षांचा वृत्तांत पुस्तकरूपाने छापला आणि त्याच्या नावातच प्रश्न घातला: आमच्यावर गिनीपिगसारखा प्रयोग झाला काय? पुस्तकाचे उत्तर नकारार्थी आहे. या प्रयोगातील शाळांमधून महाविद्यालयांत गेलेल्या १,४७५ विद्यार्थ्यांची तेवढ्याच नेहमीच्या शाळांतील विद्यार्थ्यांशी जोड्या लावून तुलना झाली. वय, कुटुंब, बुद्धी सारखी धरून. प्रयोगातील मुले थोडी पुढेच होती आणि ज्या शाळांनी जुनी चाकोरी सर्वांत अधिक मोडली तेथील मुले सर्वांत अधिक पुढे होती. हा अहवाल १९४२ मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत निघाला आणि विसरला गेला.

या यशामागे एक अट होती आणि ती प्रारंभीच पुरी करून घेण्यात आली होती. तीनशेहून अधिक महाविद्यालयांनी या तीस शाळांच्या मुलांना नेहमीच्या प्रवेश-अटींवाचून घेण्याचे आधी मान्य केले होते. पुढचे दार उघडे आहे हे ठाऊक असल्यामुळे अलीकडच्या दालनात शिकण्याला अवकाश मिळाला. शिवाय विद्यापीठाच्या त्या शाळेतील मुले प्रामुख्याने शिकलेल्या, सुस्थित घरांतली होती. ओहायोच्या मुलांना उघडे दार वारशाने मिळाले. बार्बियानाच्या मुलांच्या तोंडावर ते बंद झाले. शिकण्यात दोन्हीकडची मुले सारख्याच निष्ठेने गढलेली होती.

येथे गुण म्हणजे काय, हे अर्थव्यवहाराच्या भाषेत विचारले पाहिजे. मुलाला काय आले आणि काय आले नाही हे सांगायला आकडा लागत नाही. ‘तुझा हातचा धरायचा राहिला’ एवढे वाक्य पुरते आणि ते आकड्यापेक्षा अधिक सांगते. आकडा लागतो तो वाटपासाठी. चांगल्या जागा थोड्या आणि मागणारे पुष्कळ, अशा टंचाईत गुणपत्रिका हे एक रेशनकार्ड आहे. रेशनकार्ड फाडल्याने धान्य वाढत नाही; फक्त रांगेचा नियम बदलतो आणि नव्या नियमात पैसा पुढे सरकतो. महाराष्ट्राच्या दहावीने हे अलीकडेच दाखवून दिले आहे. २०१८ साली राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये भाषा व सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण बंद झाले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर कोसळला. पालकांत, संस्थाचालकांत हाहाकार उडाला, अंतर्गत गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. २०२१ मध्ये साथीमुळे परीक्षाच झाली नाही. शाळांनी दिलेल्या गुणांवर ९९.९५ टक्के मुले उत्तीर्ण झाली. चार वर्षांत मराठी मुलांची बुद्धी अशी वरखाली झाली नव्हती. नोटा छापाव्यात तसे गुण छापले गेले. आणि चलन फुगले की त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, म्हणून लगोलग अकरावीच्या प्रवेशासाठी स्वतंत्र सामाईक परीक्षेची घोषणा झाली. ती उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केली. वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या जागांबाबत हे आधीच घडून गेले होते. तेथे बारावीच्या गुणांना उंबरठ्यापुरते महत्त्व उरले आणि खरे वाटप शिकवणीवर्गांच्या बाजारात होणाऱ्या तयारीवर होऊ लागले. २०२१ च्या त्या मुलांना पुढे वर्षानुवर्षे ‘कोरोना बॅच’ म्हणून हिणवले गेले. परीक्षा त्यांनी रद्द केलेली नव्हती. आठ-नऊ महिने एका मोबाईलवर तीन भावंडांनी मिळून शिकण्याचा जो प्रयत्न केला, त्याचे मोजमाप कोणी केले नाही.

आता २००९ च्या कायद्याकडे वळता येईल. नापास न करणे आणि गुण न देणे या दोन गोष्टी एक नव्हेत, परंतु त्यांचे मूळ एक आहे आणि कायद्याने त्या जोडीनेच आणल्या होत्या. सोळाव्या कलमाने नापास करणे बंद केले आणि एकोणतिसाव्या कलमाने वर्षभर चालणारे सर्वंकष मूल्यमापन सांगितले. त्याच कायद्यात प्राथमिक वर्गांसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक हेही होते, शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूद होती. म्हणजे कागदावर बार्बियानाच्या दोन मागण्या एकत्र होत्या. अंमलात आली ती बिनखर्चाची. महाराष्ट्रात मूल्यमापन आले ते ‘आकारिक’ आणि ‘संकलित’ अशा भारदस्त नावांनी आणि अ-१ पासून इ-२ पर्यंतच्या श्रेण्यांच्या रूपाने. गुण गेले नाहीत, त्यांनी अक्षरांचा वेष घेतला. प्रत्येक मुलाविषयी शिक्षकाने स्वतःच्या निरीक्षणातून लिहायच्या ‘वर्णनात्मक नोंदी’ तयार यादीतून उतरवल्या जाऊ लागल्या. ‘उपक्रमात आनंदाने सहभागी होतो’ हे वाक्य महिनोन्महिने शाळेत न आलेल्या मुलाच्या नावापुढेही आढळावे, अशी स्थिती झाली. यात शिक्षकाला दोष देणे सोपे आहे. दोन वर्ग एकत्र सांभाळणारा, निवडणुकीच्या याद्या आणि जनगणना करणारा, कित्येकदा शिक्षणसेवक म्हणून तुटपुंज्या मानधनावर राबणारा माणूस चाळीस मुलांचे वेगवेगळे निरीक्षण केव्हा लिहिणार? बार्बियानात गुणांची जागा माणसाच्या वेळेने घेतली होती. येथे ती रकान्यांनी घेतली.

मुलाच्या बाजूने पाहिले तर काय झाले? त्याला आठवीपर्यंत कोणी काही सांगितलेच नाही. वाचता येत नाही हे त्याला ठाऊक होते, गुरुजींना ठाऊक होते, शेजारच्या मुलाला ठाऊक होते; फक्त कागदाला ठाऊक नव्हते. नववीत गेल्यावर जुनीच परीक्षा, जुनेच गुण आणि दहावीचे मंडळ त्याची वाट पाहत उभे होते. त्या वळणावर तो नापास झाला तेव्हा धोरण फसले असा पुकारा झाला. वास्तविक धोरणाचा अर्धाच भाग अमलात आला होता, आणि नेमका तोच अर्धा आता परत घेण्यात आला आहे. तमिळनाडूने मात्र २०२४ मध्येही आठवीपर्यंत नापास न करण्याचे आपले धोरण चालूच ठेवले.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात सरकारच्या शिक्षणखर्चाचा हिशेब मागितला होता: महसूल येतो तो शेतकऱ्याच्या घामातून आणि खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. बार्बियानाच्या मुलांनी मांडलेला हिशेबही हाच, पंच्याऐंशी वर्षांनंतरचा आणि दुसऱ्या खंडातला. नापास झालेला मुलगा शाळा सोडतो, परंतु त्याच्या बापाने मिठापासून कापडापर्यंत भरलेला कर शाळा सोडत नाही. तो पुढे जाणाऱ्यांच्या वर्गावर खर्च होत राहतो. नापास करण्याच्या धोरणाचा हा आर्थिक अर्थ शिक्षणतज्ज्ञांच्या चर्चेत येत नाही.

महाराष्ट्रातला जान्नी शोधायला दूर जावे लागत नाही. दसरा-दिवाळी झाली की बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. कोयता नवरा-बायको दोघांचा धरला जातो, म्हणून घरी थांबायला कोणी नसते आणि पोरे ट्रॅक्टरवर बसून फडावर जातात. मोठी मुलगी असली तर ती धाकट्याला सांभाळते आणि वाढे बांधते. साखरशाळा निघाल्या आणि बंद पडल्या. हंगामी वसतिगृहांची योजना आहे, ती सर्व मुलांपर्यंत पोचत नाही. गाळप संपते तेव्हा मार्च-एप्रिल आलेला असतो. मूल गावी परतते ते वार्षिक परीक्षेच्या तोंडावर, निम्मे वर्ष बुडवून. पाचवीची किंवा आठवीची परीक्षा त्याने आता द्यायची आहे. तो नापास होईल. न झाला तर नवल. त्याची नापासी साखर कारखान्याच्या वेळापत्रकाने नोव्हेंबरातच ठरवून ठेवली होती.

नवा नियम म्हणतो की अशा मुलाला जादा मार्गदर्शन द्यावे आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा घ्यावी. ते दोन महिने म्हणजे मे आणि जून. शाळा बंद, शिक्षक सुट्टीवर, पाणी टँकरचे. बार्बियानात याच दिवसांत शाळा भरत होती. शिक्षणहक्क कायद्याच्या एकविसाव्या कलमान्वये विनाअनुदानित खासगी शाळा वगळता प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती आहे आणि तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. त्यांत कोयत्यावर जाणारे किती, हे गावोगावच्या कार्यकर्त्यांना सहज तपासता येईल. एप्रिलच्या बैठकीत त्या समितीपुढे प्रश्न ठेवायचा तो एवढाच: मेमध्ये या मुलांना कोण शिकवणार, किती तास शिकवणार, त्याचे मानधन कोणत्या शीर्षाखाली मंजूर झाले आहे, आणि दुपारचे जेवण त्या दिवसांत मिळणार की नाही. उत्तर इतिवृत्तात लेखी नोंदवून घ्यावे. ते मिळेपर्यंत कोणत्या मुलाच्या नावापुढे नापास लिहिले जाते, त्याची यादी वडिलांच्या व्यवसायासह ठेवावी.